मागे राहिलेल्यांचा मुलूख

आमच्या बाईंच्या गणितात पुरुष नसायचे. पुस्तकात छापलेलं असायचं, आठ मजूर एक विहीर बारा दिवसांत खणतात. बाई फळ्यावर लिहायच्या, आठ बाया एक विहीर बारा दिवसांत खणतात. त्या खरं तर शास्त्र शिकवायच्या, पण गणिताचे सर रजेवर गेले की तो तासही त्यांच्याकडे यायचा, आणि मग चार-आठ दिवस वर्गात नुसत्या बाया विहिरी खणायच्या, भिंती बांधायच्या, हौद भरायच्या. एका मुलीनं धीर करून विचारलं, "बाई, पुस्तकात तर मजूर आहे." बाई म्हणाल्या, "शनिवारी घरी जाशील तेव्हा गावच्या दुष्काळी कामावर जाऊन उभी राहा. खडी कोण फोडतंय ते मोज आणि सोमवारी मला सांग." मुलगी खरंच मोजून आली. सोमवारी तिनं पुस्तकातला मजूर पेन्सिलीनं खोडला.

ते बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. प्रवरेच्या काठच्या एका गावात मुलींचं बोर्डिंग होतं, तिथं मी राहायचे. माझं घर नेवाशाच्या पूर्वेला, कोरडवाहू भागात. मी अकरावीला होते, म्हणजे मॅट्रिकला. बाई शाळेत शिकवायच्या, बोर्डिंगची देखरेखही करायच्या आणि आमच्यातच राहायच्या. चाळिशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, उंच, जरा वाकून चालणाऱ्या. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग असायचं. त्याला आम्ही बाईंचं मंगळसूत्र म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी. जन्मानं ख्रिस्ती, रविवारी नेमानं चर्चला जायच्या, पण मुलींना देवाधर्माचं कधी काही सांगितलं नाही. घरचंही सांगितलं नाही. आईची नऊ बाळंतपणं झाली आणि नवव्यात ती गेली, एवढं एकदाच म्हणाल्या, तेही धडा शिकवताना, फळ्याकडे तोंड करून.

बाई गोष्ट लिहीत होत्या. तपासून झालेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी त्यांनी सुतळीनं शिवल्या होत्या आणि त्यावर बारीक अक्षरात ती गोष्ट चालली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी कशाबशा गिळून झाल्या, की बोर्डिंगच्या व्हरांड्यात आम्ही त्यांच्याभोवती बसायचो. गोष्टीचं नाव होतं 'मागे राहिलेल्यांचा मुलूख'.

माणूस चंद्रावर उतरून तीन-चारच वर्षं झाली होती, त्यामुळे आम्हाला कशाचंच नवल वाटत नव्हतं. शंभर वर्षांनी पृथ्वीवरचे सगळे पुरुष चंद्रावर कामाला जातात, अशी सुरुवात होती. बाईंनी त्यांना मारलं नव्हतं की हाकलून दिलं नव्हतं. साखर कारखान्यावर जावं तसे ते गेले, आधी सहा महिन्यांसाठी, मग वर्षासाठी, आणि मग परत यायचं राहूनच गेलं. अधूनमधून त्यांची पत्रं येतात, इथं सगळं क्षेम आहे, लोणचं पाठवा. इकडे बाया मुलूख चालवतात. पाऊस मोजणारं खातं वेगळं, बियाणं राखणारं वेगळं, भांडणं ऐकून घेणारं वेगळं. भांडणांचं खातं सगळ्यात मोठं होतं. "बाया म्हणजे देवता नव्हेत," बाई म्हणायच्या, "तुम्ही रोज नळावर काय करता ते मी बघते."

आम्ही शंका काढायचो आणि बाई त्या उतरवून घ्यायच्या. एका शनिवारी धाकट्या वर्गातल्या मुलीनं विचारलं, "बाई, तिथं कुणी मेलं तर खांदा कोण देणार?" सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वर्गातलं एक बाक बाहेर आणायला लावलं, आमच्यातल्या सगळ्यात जाडीला त्यावर आडवी केली आणि चौघींना म्हणाल्या, "उचला." आम्ही उचललं. खांदे दुखले, पण उचललं. पटांगणाला दोन फेऱ्या झाल्या. तेवढ्यात हेडमास्तर फाटकातून आत आले. बाकावरची पोरगी दचकून उठून बसली, तसे त्यांच्या हातातले कागदच पडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रयोग चालू आहे, सर." तीच शंका काढणारी पोरगी पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती, "जमतं गं, आपल्याला जमतं."

त्यांचं एक वाक्य होतं. गोष्ट खोटी चालेल, शास्त्र खोटं चालणार नाही. त्या वाक्यापायीच गोष्ट अडली. पुरुष चंद्रावर, मग मुलखात नवी पोरं येणार कुठून? मुली लाजून खाली बघायच्या, पण शंका सगळ्यांनाच होती. आम्ही म्हणायचो, लिहा ना बाई काहीही, मंत्रानं होतात म्हणा, झाडाला लागतात म्हणा. बाई चिडायच्या. "मग ती आजीबाईची गोष्ट झाली. मला ती घडू शकेल अशी पाहिजे."

उत्तर त्यांना करडईवर सापडलं. आमच्याकडे थंडी पडायला लागली की करडईला मावा पडतो. शेंड्याशेंड्याला काळे, चिकट, टाचणीच्या डोक्याएवढे किडे. शेतकऱ्याच्या घरातलं पोर चालायला लागलं की मावा ओळखतं आणि चिरडतं. बाईंनी कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं होतं की हा सगळा मावा माद्यांचाच असतो. नर लागतच नाही. मादी थेट पिल्लं घालते, ती सगळी मुलीच, आठ-दहा दिवसांत त्या मोठ्या होतात आणि त्यांना पुन्हा मुली. मात्र त्याच पुस्तकात असंही होतं की थंड देशात हिवाळा आला की त्यात नर निपजतात. आपल्याकडच्या थंडीत निपजतात का, ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

"नाही निपजले, तर माझा पुढचा भाग लिहिता येईल," बाई म्हणाल्या. "आणि निपजले तर?" मी विचारलं. त्या बराच वेळ भिंग पदराला पुसत राहिल्या. "तर मग मुलखात थंडी पडल्यावर काय होतं, ते लिहावं लागेल."

त्यांनी तेलाचे डबे कापून कुंड्या केल्या, व्हरांड्यात मांडल्या आणि करडई लावली. दिवाळीनंतर एका मुलीनं घरून मावा पडलेला शेंडा आणला. बाईंनी त्यातली एकच मादी एका कुंडीत ठेवली आणि वर मलमलचं कापड बांधलं. तिला पिल्लं झाली की त्यातलं एक, जन्मल्याच दिवशी, ब्रशच्या टोकानं उचलून दुसऱ्या कुंडीत. अशी पिढी पुढे न्यायची. वहीत नोंद करायची. हे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण माझा हात थरथरत नव्हता. मला त्याचा फार अभिमान होता. बाईंनी मला कधी शाबास म्हटलं नाही, पण भिंग त्या गळ्यातून काढून फक्त माझ्या हातात द्यायच्या.

बोर्डिंगला पाणी टँकरनं यायचं. आंघोळीला मुलीमागे एक तांब्या. त्यातलं वाटीभर पाणी प्रत्येकीनं करडईला द्यायचं, असा बाईंनी नियम केला. स्वयंपाकाच्या मावशी रोज कपाळाला हात लावायच्या. "पान्यावाचून मानसं तडफडत्यात आन् ह्या बाई किडं पोसत्यात! माज्या बापानं असलं बघितलं असतं तर जीवच सोडला असता." बाई म्हणायच्या, "मावशी, हे किडे नाहीत, पुरावा आहे." मावशींना पुरावा म्हणजे कोर्टाची भानगड वाटायची. त्या घाबरून गप्प बसायच्या.

संक्रांतीपर्यंत आठ पिढ्या झाल्या. थंडी चांगली कडक होती. नववी पिढी जन्मली आणि नर कुठे दिसला नाही. बाई रोज सकाळी प्रत्येक शेंडा भिंगाखालून बघायच्या. आणखी दोन पिढ्या, म्हणजे थंडी सरेल, म्हणजे नक्की म्हणता येईल, असं त्यांनी ठरवलं होतं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझे आईवडील बोर्डिंगवर आले. दोघं एकदम आले म्हणजे काय, ते मी ओळखलं. माघात माझं लग्न ठरवलं होतं. परीक्षा होती मार्चात.

वडील वाईट माणूस नव्हते, हे मला इथंच सांगितलं पाहिजे. आई बाहेरच थांबली. बाईंच्या खोलीत ते खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. "बाई, तुमचं समदं खरं हाय. पोरगी हुशार हाय, मला काय कळत न्हाई व्हय? पन पाव्हनं बेलापूरकडचं हाय. पाटाचं पानी हाय, हिरीला पानी हाय. पोरगी पान्यावर पडंल. आज न्हाई म्हनलं तर उद्या कोन दारात येतंय?"

"दोन महिने थांबा. परीक्षा होऊ द्या."

"पाव्हनं थांबत न्हाईत. त्यांला दुसऱ्या पोरी काय कमी हायेत?"

मी दाराआड उभी होते. बाई अर्धा तास बोलत होत्या आणि वडील प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "तुमी म्हन्ता त्ये पुस्तकात बराबर हाय," आणि उठले. एस. टी. किती वाजता आहे ते विचारून येतो, तोवर पोरीला सामान बांधायला सांगा, म्हणाले आणि फाटकाबाहेर गेले.

आम्ही व्हरांड्यात आलो. आई तिथं उभी होती. हातात राखेनं भरलेलं सूप, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम. कुंड्यांवरची मलमलची कापडं सोडून, घडी करून, एकावर एक ठेवलेली होती. करडईचं एकूण एक पान पुसलेलं होतं आणि त्यावर चुलीची राख धुरळलेली होती.

आईला रिकामं बसता येत नसे. खडी फोडून तिच्या हातांना घट्टे पडले होते, तरी ते हात काम शोधायचे. "बाई," ती लाजत म्हणाली, "तुमच्या करडईला लई मावा पडला हुता. झाकून ठिवल्यावर वाढनारच की त्यो, वारं लागत न्हाई. समदा काढला बगा. आता न्हाई यायचा." आणि मग खालच्या आवाजात, "माज्याकडं तुमाला द्यायला दुसरं काय न्हाई. तुमी पोरीसाठी एवढं बोलत हुता, मला बाहेर ऐकू येत हुतं."

मी बाईंकडे बघितलं. नऊ पिढ्या. मला ओरडून आईला सांगावंसं वाटलं की तू काय केलंस, आणि त्याच वेळी तिचे ते राखेचे हात धरून रडावंसं वाटलं. बाईंनी भिंग हातात घट्ट धरलं होतं. मग त्या म्हणाल्या, "बरं केलंत. फार त्रास झाला होता त्याचा."

त्यांनी आईला खुर्चीवर बसवलं. आई बसायला तयार नव्हती, खाली बसते म्हणाली. बाईंनी तिला दंडाला धरून बसवलं. मावशींना चहा सांगितला. आणि मग आत जाऊन ती सुतळीनं शिवलेली वही घेऊन आल्या. "तुम्हाला एक वाचून दाखवते," म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला धार आली होती, ती मला तेव्हा कळली नाही.

त्यांनी मधलंच एक पान काढलं. मुलखातली एक म्हातारी दारात बसली आहे आणि तिची मुलगी तिचे केस विंचरते आहे, एवढंच त्यात होतं. आई अक्षरशत्रू, पण ऐकताना तिचा चहा निवून गेला.

"म्हंजी तिथं पोरगी कुटं द्यायाचीच नसती?" तिनं विचारलं.

"नाही."

"मोठी झाली तरी?"

"तिला जायचं असेल तर जाते. देत कुणी नाही."

आईनं कपबशी खाली ठेवली. "माजी आई वारली तवा मला चवथ्या दिवशी कळलं," ती म्हणाली. "कुटं हाय वो ह्यो मुलूख?"

बाई खरं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "कुठं नाही. मी लिहिलाय."

"पन व्हईल तर खरं?"

बाईंनी रिकाम्या करडईकडे बघितलं.

वडील परत आले. गाडी अर्ध्या तासात होती. "उठ, चल," ते आईला म्हणाले. माझी ट्रंक बांधून तयार होती. आई खुर्चीवरून उठली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती खुर्चीवर बसली होती आणि वडील तिच्यासमोर उभे होते. ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "तुमी जावा. पोरीला न्यायची तर न्या. मी हितंच ऱ्हाते, परीक्षा हुईस्तवर. मावशींच्या हाताखाली भाकरी थापीन."

वडिलांना आधी कळलंच नाही. मग कळलं. आई नसताना मांडवात कन्यादानाला बसायचं कुणी? चुलता-चुलतीला बसवता आलं असतं, पण आई जिवंत आहे, धडधाकट आहे आणि मांडवात नाही, हे पाहुण्यांना काय सांगायचं? मला ते हाताला धरून नेऊ शकत होते. तिच्याशिवाय लग्न लावू शकत नव्हते. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्याकडे तेवढं एकच होतं.

"लोक काय म्हनतील?" वडील म्हणाले. ते फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग एस. टी.चा हॉर्न वाजला आणि ते एकटेच गेले.

आई दोन महिने बोर्डिंगमध्ये राहिली. सगळ्या मुली तिला आई म्हणायला लागल्या. शनिवारी ती व्हरांड्यात बसायची आणि गोष्टीची वाट बघायची, पण त्या दिवसानंतर बाईंनी ती वही उघडली नाही. मी परीक्षा दिली, पास झाले, पुढे डी.एड. केलं, मास्तरीण झाले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या खुर्चीवरून निघालं.

वडिलांनी आईला घरात घेतलं. हात उगारला नाही, टाकून बोलले नाहीत. फक्त बोलणं सोडलं. पाहुण्यांसमोर मान खाली गेली, ते त्यांना सोसलं नाही. "तुज्या आईला सांग, उद्या मळनी हाय," असं मला सांगायचे, भावाला सांगायचे, कुणीच नसलं तर दाराकडे बघून सांगायचे. मला वाटलं वर्षभरात निवळेल. एकोणीस वर्षं ते तसंच चाललं.

बाई निवृत्त होऊन नगरला एका खोलीत राहायला गेल्या. मी वर्षाकाठी एकदा तरी जायचे. दर वेळी, चहा ठेवायच्या आधी, त्यांचा पहिला प्रश्न एकच, "वडील बोलतात का आईशी?" मी नाही म्हणायचे आणि मग आम्ही दुसरं काही बोलायचो. मी एकदा म्हटलंही, आता दर थंडीला शिवारात पाहिजे तेवढा मावा असतो, पुन्हा प्रयोग करू, गोष्ट पुरी करा. त्यांनी विषय बदलला.

आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. त्या थकल्या होत्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेवटपर्यंत नाही बोलले?"

"नाही."

"मी ते पान तिला का वाचून दाखवलं, माहीत आहे तुला?" त्या म्हणाल्या. "तुझी परीक्षा वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. मला राग आला होता. नऊ पिढ्या पुसल्या तिनं, आणि मला तिला ओरडताही येत नव्हतं. मग म्हटलं, हिला कळू दे काय पुसलं ते. म्हणून वाचलं. मी शिक्षा म्हणून वाचलं गं. आणि तिनं ते खरं मानलं." त्यांचे हात मांडीवर पडून होते. "माझ्या मुलखात कुणाला काही सोसावं लागलं नाही. सगळं तिला सोसावं लागलं. मी कुठल्या तोंडानं पुढे लिहू?"

बाईंना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. मला ते बघवेना.

"बाई," मी म्हटलं, "आई काय म्हणायची सांगू? म्हणायची, न्हाई बोलत तर न्हाई. बोलत हुते तवा तरी काय बोलायचे, मीठ कमी हाय आन् पानी दे. आता घरात कसं शांत वाटतंय."

बाईंनी मान वर केली. "असं म्हणाली?"

"कितीदा तरी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग थोडंसं हसल्या, डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठल्या. दोन वर्षांनी त्या गेल्या. ते वाक्य त्या सगळ्यांना सांगायच्या असं मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं.

आई असं कधीच म्हणाली नव्हती. रोज संध्याकाळी वडिलांना ताट वाढलं की ती चुलीकडे परत जायची नाही. दाराची चौकट धरून उभी राहायची, काही लागलं तर मागतील म्हणून. वडील स्वतः उठायचे, फळीवरची मिठाची वाटी घ्यायचे आणि परत येऊन जेवायला बसायचे. आई आणखी थोडा वेळ तिथंच उभी असायची.